मोहाच्या लाडवाचं ब्रीफ

मागच्या व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, तू ऑफिसात नक्की काय करायचीस?" मी जाहिरातींच्या कंपनीत होते, एवढं सांगितलं. तिनं लगेच विचारलं की टीव्हीवरची कोणती जाहिरात माझी. एकही नाही, म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. तुमचे आजोबा मागून म्हणाले, "लग्न झाल्यापासून मीही हेच विचारतोय." म्हणून हे लिहायला घेतलं आहे. तुमची आई वाचून दाखवेल. कुठं अडलं तर तिला विचारा, आणि तिलाही अडलं तर मला फोन करा.

जाहिरातीतले शब्द एक जण लिहितो आणि चित्र दुसरा काढतो. मी त्या दोघांच्या आधी असायचे. काय विकायचं आहे, कोणाला विकायचं आहे आणि त्यानं ते का घ्यावं, हे शोधायचं आणि कागदावर लिहून त्या दोघांना द्यायचं, हे माझं काम. माझ्या हुद्द्याचं नाव होतं स्ट्रॅटेजिस्ट. त्या कागदाला म्हणतात ब्रीफ. ब्रीफ चांगलं असलं की लिहिणाऱ्याला वाट दिसते. ते पोकळ असलं की तो बिचारा हुशारी करायला लागतो.

माझी ब्रीफं नीटनेटकी असत. समास सारखे, मथळे ठळक, इंग्रजी चोख. मुंबईत मला त्याबद्दल शाबासकीही मिळत असे. निवृत्त झाल्यावर आम्ही चंद्रपूरला, आजोबांच्या गावी राहायला आलो, तेव्हा हे काम संपलं असं मी धरून चालले होते. ते मला नीट यायला लागलं ते इथं आल्यावर, आणि तेही लाडवांसाठी.

पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलाला लागून एक गाव आहे. तिथल्या बचत गटाची अध्यक्ष असलेली बाई आमच्या कॉलनीत लाडू विकायला आली होती. तिला गावात सगळे अध्यक्षबाईच म्हणतात, तिचा नवराही. मीही तेच म्हणते. तिच्या पिशवीत मोहफुलांचे लाडू होते. फुलं भाजून, तीळ आणि गूळ घालून कुटलेले. दिसायला काळपट, चवीला मनुका आणि खजूर यांच्या मधलं काहीतरी, आणि मागे राहणारा धुराचा हलका वास. मी दोन पाकिटं घेतली आणि वर उपदेशही केला, कारण पाकिटावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

हा प्रश्न मला कितीतरी महिन्यांत कोणी विचारला नव्हता. मी तिला आत बोलावून चहा दिला.

तुम्ही मोहाचं झाड पाहिलेलं नाही. चैत्रात त्याची फुलं पहाटे पहाटे खाली पडतात, पिवळसर, मण्यांसारखी टपोरी. बाया टोपल्या घेऊन जातात, वेचतात, अंगणात वाळवतात. त्यांचं काहीही करता येतं, पण बहुतेकदा एकच होतं: व्यापाऱ्याची गाडी दारात येते, फुलं घेऊन जाते, आणि त्यांची दारू होते. आमच्या भागात 'मोहाची' एवढंच म्हटलं तरी पुरतं, पुढचा शब्द उच्चारावा लागत नाही. अध्यक्षबाईचं म्हणणं असं की आपणच वेचलेलं फूल संध्याकाळी आपल्याच घरी बाटलीतून परत येतं. तिचा गट त्याच भांडणातून उभा राहिला होता. बायांनी मिळून गावालगतची भट्टी बंद पाडली होती. आणि त्या वर्षी अध्यक्षबाईनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं की फूल गाडीला द्यायचं नाही, घरीच ठेवायचं, आपण लाडू करू.

घरोघरी फुलांची पोती भरून होती. लाडू मात्र ओळखीपाळखीतच जात होते. दिवाळीच्या सुमारास जम बसला नाही तर बाया पोती बाहेर काढणार, हे तिला दिसत होतं.

"सगळ्यायनं माह्या तोंडाकडं पाहून फूल ठेवलं, बाई," ती म्हणाली. "लाडू नाई खपला तर मी कोन्या तोंडानं गाडी अडवू?"

मी तिला म्हटलं की पाकिटाचं माझ्याकडं सोपव. तिनं सोपवलं, पण एक अट घालून. पाकिटावर वाघ पाहिजे. चंद्रपुरात वाघ सगळ्यावर आहे, चौकात आहे, भिंतीवर आहे, मिठाईच्या डब्यावरसुद्धा आहे. मी म्हटलं, वाघाचा आणि लाडवाचा संबंध काय? ती म्हणाली की वाघ दिसला की लोक गाडी थांबवतात, एवढा संबंध पुरे झाला. आजोबांना हे पटलं. मला पटलं नाही. तो विषय तसाच राहिला. नंतर मी दोन-चारदा तिच्या घरीही जाऊन आले.

विकायच्या जागेची सोय आजोबांनी केली. नागपूरला जाताना आम्ही वरोऱ्याला एका हॉटेलात चहाला थांबतो. हॉटेलवाला आजोबांच्या ओळखीचा, बोलायला तिखट. दिवाळी संपली की पोरं कॉलेजांना आणि नोकऱ्यांना परत निघतात आणि त्याच्याकडं गर्दी उसळते. त्या दिवसांत काउंटरवर पाकिटं ठेवायला तो तयार झाला. पण त्यानं आधीच सांगून ठेवलं की काउंटरवर जागा एवढीशी आहे, लोक पाकीट हातात घेऊन पाहतील तरच ते तिथं राहील, नाहीतर त्या जागेवर शेंगदाण्याची चिक्की परत येईल.

लिहायला आणि चित्र काढायला मी पुण्याला सांगितलं. माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीची मुलगी तिथं जाहिराती लिहिते. तिची एक मैत्रीण चित्र काढते. दोघींनी आनंदानं होकार दिला. मी टेबलाशी बसले आणि ब्रीफ लिहिलं. सवयीनं इंग्रजीत. फार दिवसांनी हात चालला, फार बरं वाटलं. त्या मुलीचा फोन आला: "मावशी, छान आहे, पण जाहिरात मराठीत आहे ना? ब्रीफही मराठीत द्याल का?"

मी भाषांतर केलं आणि आजोबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं: "आरोग्याविषयी जागरूक असलेल्या शहरी ग्राहकास वनसंपदेच्या समृद्ध वारशाचा आस्वाद उपलब्ध करून देणे." मग चष्मा काढून म्हणाले, "यात लाडू कुठाय? हे तर परिपत्रक झालं."

मला राग आला. इंग्रजीत हेच वाक्य किती भारदस्त वाटलं होतं. मराठीत आल्यावर ते उघडं पडलं. त्या शहरी ग्राहकाला मी कधी पाहिलं नव्हतं, तो वरोऱ्याला कधी थांबणार होता कोण जाणे. पण दिवाळी जवळ येत होती, म्हणून थोडे शब्द इकडचे तिकडे करून मी तेच पाठवलं.

आठवड्याभरात पुण्याहून चित्र आलं. उघड्या तळहातावर वरून पडणारं एक पिवळं फूल, आणि खाली सुंदर अक्षरात तीन शब्द: मोह आवरू नका.

मी टाळ्या वाजवल्या. आजोबांनीही वाजवल्या. एकाच शब्दात झाडही आलं आणि लालसाही आली. मुंबईच्या ऑफिसात अशा ओळीवर सगळ्यांनी चहा मागवला असता. मी चित्राची मोठी प्रत काढून घेतली आणि आम्ही गाडी काढून गावाला गेलो.

अध्यक्षबाईच्या अंगणात बाया जमल्या होत्या. कागद हातोहात फिरला. फूल सगळ्यांना आवडलं. मग एकीनं ओळ मोठ्यानं वाचली. एका म्हातारीला मराठी फारशी येत नव्हती, तिनं गोंडीत काहीतरी विचारलं. तिला समजावून सांगितलं गेलं. तिनं तोंडावर पदर धरला आणि खांदे हलायला लागले. ती हसत होती. मग दुसरी हसली, मग सगळ्याच. मला वाटलं, ओळीतली गंमत कळली.

फक्त अध्यक्षबाई हसत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "आमी इतके वर्ष भट्टीसमोर उभ्या राहून काय म्हणून राह्यलो? मोह आवरा म्हणूनच ना? आता आमीच म्हनू का, आवरू नका?"

मी कागदाकडं पाहिलं. ओळ तीच होती, पण आता ती मला बाटलीवर दिसायला लागली.

"त्या पुन्याच्या पोरीले सांगा," मागून एकीनं म्हटलं, "हे भट्टीवाल्याले देऊन टाक. तो आजच लावीन." परत हशा पिकला. त्या वेळी मात्र अध्यक्षबाईही हसली, आणि मलाही हसावं लागलं.

म्हातारीनं काय विचारलं होतं ते मी नंतर विचारून घेतलं. तिचा प्रश्न साधा होता: फुलाचं नाव घेऊन 'आवरू नका' कशाला म्हणतात? गोंडीत त्या फुलाला त्यांचा वेगळा शब्द आहे, माझ्या कानाला इरूक असं काहीसं ऐकू आलं. त्या शब्दात लालसा वगैरे काही नाही. फूल म्हणजे फूल. मोहात पडायची सोय फक्त आमच्या मराठीत.

पुण्याच्या मुलीची यात चूक नव्हती. मी तिला सांगितलंच नव्हतं की हे लाडू कोण करतं आणि का करतं. तिला माझ्याकडून वारसा आणि संपदा मिळाली होती, त्यातून तिनं जमेल तेवढी हुशारी केली. आता काय करायचं ते मात्र मला कळत नव्हतं. मी निघाले. बाया आपापल्या घरी गेल्या. अध्यक्षबाई गाडीपर्यंत आली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. पण माझ्या हातात तिनं एक लाडू ठेवलाच. मी नको म्हटलं, घरी डबा भरलेला आहे.

"निंघतानी कोनी रिकाम्या हातानं जाते का?" ती म्हणाली आणि माझी मूठ मिटवली.

गाडी चालू झाली. एरवी मी तो लाडू रुमालात बांधून घरी नेते. त्या दिवशी हातातच धरून बसले, आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या घरून निघताना मला दर वेळी हा मिळाला आहे. गेल्यावर चहा मिळतो, कधी भात मिळतो, पण लाडू नाही. तो निघताना. तिची मुलगी गडचिरोलीला नर्सिंग शिकते. ती वसतिगृहावर परत जात होती तेव्हा मी एकदा तिथंच होते. मुलगी म्हणत होती की आई, बॅगेत जागा नाही. आई कपडे दाबून जागा करत होती.

घरी पोचल्यावर मी फोन केला आणि विचारलं की तुम्ही स्वतः हे लाडू कधी खाता.

"घरी कोन खाते?" ती म्हणाली. "जानाऱ्याले देतो."

तिला हे इतकं साधं वाटत होतं की ते सांगण्यासारखं आहे असं तिला सुचलंच नव्हतं. पुढं ती आपणहून बोलत राहिली. तिची आई जंगलात जाणाऱ्याच्या फडक्यात भाजलेली फुलं बांधून द्यायची. आश्रमशाळेत जाणाऱ्या पोरांना गटातल्या बाया लाडू देतात. वाटेत भूक लागली तर, आणि नाही लागली तरी.

मी नवा कागद घेतला. या वेळी मथळे घातले नाहीत. जे लिहिलं ते साधारण असं होतं:

"एक आई आहे. तिचं लेकरू परगावी निघालं आहे. बॅग भरून झाली आहे. लेकरू म्हणतंय, आता काही नको. आईला काहीतरी द्यायचंच आहे. हा लाडू त्या वेळचा आहे. तो वरोऱ्याला रस्त्यावरच्या हॉटेलात मिळेल. तिथं थांबणारे सगळे कुठून तरी निघालेले असतात. काहींच्या हातात घरच्यांनी काही दिलं असेल, काहींच्या नसेल. ही जाहिरात त्या आईनं बोलावी. मोह या शब्दावर कोटी करू नये. हे लाडू करणाऱ्या बायांनी त्याच फुलाच्या दारूशी भांडण मांडलं आहे आणि त्या जिंकत आल्या आहेत. वाघ नको."

आधी हे बरंच लांब होतं. प्रत्येक वाक्य मी आजोबांना वाचून दाखवायचे आणि फोनवर अध्यक्षबाईला. ती समजेल तिथं हूं म्हणायची. हूं आलं नाही की मी ते वाक्य खोडायचे. 'ग्राहक' या शब्दावर हूं आलं नाही. 'पौष्टिक मूल्य'वर तर फोन कट झाला की काय असं वाटलं. शेवटच्या दोन शब्दांवर ती बोलली: "काऊन नको? वाघानं तुमचं काय केलं?" ते दोन शब्द मी तरीही ठेवले.

पुण्याहून दुसऱ्याच दिवशी ओळ आली: "निघालास? हे ठेव सोबत." मी अध्यक्षबाईला वाचून दाखवली. हूं आलं. पण अर्धंच.

"बरं हाये," ती म्हणाली, "पन असं तर शाळेतल्या मॅडम बोलते. आई थोडीच असं बोलते?"

"मग आई कसं बोलते?"

"निंघून राह्यला? हे ठेव."

मी ते तसंच्या तसं पुण्याला कळवलं. मुलगी गोंधळली. तिनं विचारलं, "मावशी, निंघून राह्यला म्हणजे काय? तो निघाला की राहिला?" मी तिला समजावलं की आमच्याकडं करून राह्यलो म्हणजे करतो आहे, जाऊन राह्यलो म्हणजे जातो आहे. तसा तो निघतो आहे. तिनं ओळ पुन्हा एकदा म्हणून पाहिली. मग म्हणाली, "मला आधी जे वाटलं तेही बरोबर आहे ना पण? निघाला, आणि थोडा राहिलाही." मी म्हटलं, तू हुशारी करू नकोस, ओळ आहे तशी राहू दे. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ टेबलाशीच बसून होते. तुमची आई आली की राहते ती खोली समोर दिसते तिथून.

दिवाळी झाली आणि पाकिटं वरोऱ्याला गेली. कोऱ्या कागदी रंगाचं पाकीट, त्यावर एक उघडा हात, हातात लाडू आणि ती ओळ. पहिले दोन-तीन दिवस अध्यक्षबाईचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही. मग हॉटेलवाल्याचाच आजोबांना आला.

"भाऊ, हे काय लिहून पाठवलं तुमी? लोकं पाकीट उचलते, वाचते, अन् मलेच विचारते, काऊन हाकलून राह्यले आमाले? एका पोरानं तर वाचून तिथीच आईले फोन लावला. पाकिटं संपत आली. आनखी पाठवा." आणि चिक्कीवाला त्याच्यावर रुसला आहे, हेही सांगितलं.

सगळी पोती संपली नाहीत. एका घरानं मधल्या काळात गाडीला फूल दिलंच. अध्यक्षबाई त्या बाईशी काही दिवस बोलत नव्हती. मग लाडू वळायला हात कमी पडायला लागले तेव्हा बोलायला लागली. पण पुढच्या चैत्रात व्यापाऱ्याची गाडी गावात आली, थांबली, हॉर्न वाजवला, आणि कोणी बाहेर आलं नाही म्हणून पुढं गेली. हे अध्यक्षबाईनं मला फोनवर सांगितलं. हॉर्न कसा वाजवला तेसुद्धा तोंडानं वाजवून दाखवला.

नंतरची पाकिटं तिनं चंद्रपूरच्या छापखान्यात स्वतः छापून घेतली. मला एक आणून दिलं. समोरून सगळं जसंच्या तसं होतं. मी उलटून पाहिलं तर मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, नखाएवढा, एक वाघ बसलेला. मी तिच्याकडं पाहिलं.

"पहारा देते," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिनं तुमची चौकशी केली. नातवंडांना लाडू पाठवले का, असं विचारलं. मी सांगितलं की परदेशात, तिकडच्या विमानतळावर घरचं खाणं अडवतात, कुरिअरनंही जात नाही.

"मंग पाठवू नका," ती म्हणाली. "त्यायलेच बोलवा. जातानी देऊ."

म्हणून एक डबा वेगळा भरून ठेवला आहे. पण तो पुरेल असं वाटत नाही. तुमच्या आजोबांना घरात लाडू मिळत नाही, तो निघणाऱ्यासाठी आहे, असं मी त्यांना सांगून चूक केली. आता ते दूध आणायला निघाले तरी दारात थांबतात, हात पुढं करतात आणि म्हणतात, "निंघून राह्यलो." तुम्ही कधी येता ते कळवा, म्हणजे अध्यक्षबाईला आणखी करायला सांगते.